कृष्णमेघ आणि अनुमानाचा अधिकार

ग्रीष्माच्या अखेरीस, पहिला पाऊस पडण्यापूर्वीच्या एखाद्या निरभ्र अमावास्येच्या उत्तररात्री, गावदिव्यांपासून दूर उभे राहून जो कोणी आकाशगंगेकडे लक्षपूर्वक पाहील, त्याला हंसापासून श्रवणाच्या बाजूने खाली वृश्चिकापर्यंत उतरत गेलेल्या त्या शुभ्र पट्ट्याची मधोमध फाळणी झालेली दिसेल, आणि त्या दोन शाखांच्या दरम्यान काठ फाटलेली, वेडीवाकडी अशी एक काळी भूमी पसरलेली आढळेल. ही काळी भूमी म्हणजे ताऱ्यांचा अभाव आहे, की ताऱ्यांच्या पुढे आलेले एखादे आवरण आहे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी त्याचा निकाल लावण्यास ज्योतिषशास्त्राला शंभराहून अधिक वर्षे लागली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम हर्शेलने असले ताराहीन प्रदेश पाहिले तेव्हा त्याला ती आकाशाला पडलेली विवरे वाटली. पुढे अमेरिकेतील नॅशव्हिल येथे दारिद्र्यात जन्मलेला आणि कोवळ्या वयातच एका छायाचित्रकाराच्या कारखान्यात चाकरीस राहिलेला एडवर्ड बर्नार्ड हा या प्रदेशांची छायाचित्रे वर्षानुवर्षे घेत राहिला. प्रथम त्याचाही कल विवरांकडेच होता, परंतु काचांवरचे ते काळे आकार न्याहाळता न्याहाळता त्याचे मत हळूहळू फिरले, आणि 1919 साली त्याने अशा 182 कृष्णचिन्हांची जी यादी प्रसिद्ध केली तिच्यातील पुष्कळशी चिन्हे म्हणजे प्रत्यक्ष द्रव्य आहे, पलीकडच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवणारे अपारदर्शक मेघ आहेत, असे म्हणण्यास तो सिद्ध झाला. अभावालाही पदार्थाची प्रतिष्ठा देणाऱ्या वैशेषिकांच्या देशातील वाचकाला या घटनेचे मोल निराळे सांगावयास नको: जो अभाव म्हणून गणला गेला होता तो भाव ठरला, आणि मग त्या भावाच्या पोटात काय आहे हे विचारणे क्रमप्राप्त झाले.

या कृष्णमेघांची प्रकृती ध्यानात घेतली तर तेथे काही घडत असेल अशी आशा बाळगण्याचे धैर्य कोणालाही होणार नाही. तेथील तपमान निरपेक्ष शून्याच्या वर अवघे दहा अंश. विरळता अशी की आपल्या श्वासातील हवेच्या एका घनसेंटिमीटरात जेथे पंचविसावर अठरा शून्ये दिली असता होणाऱ्या संख्येइतके रेणू असतात, तेथे दाट म्हणविणाऱ्या कृष्णमेघाच्या तेवढ्याच जागेत दहा हजारांच्या आसपास. आणि धुळीचे आवरण इतके की आसपासच्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश, जो एरवी अणूंची आणि रेणूंची मोडतोड करून त्यांना चेतवीत असतो, तो आत शिरतच नाही. दोन उदासीन रेणूंनी परस्परांशी संयोग पावावयाचा तर बहुधा त्यांना आधी ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो, आणि दहा अंशांवर तो ओलांडण्याइतकी ऊब कोणत्याच रेणूपाशी नसते. विद्युतभारित कणांची तर गोष्टच सोडा. ताऱ्यांच्या वातावरणात अणूंपासून इलेक्ट्रॉन विलग होण्याचे प्रमाण तपमानावर कसे अवलंबून असते याचे जे समीकरण मेघनाद साहांनी 1920 साली मांडले, त्यात हे दहा अंश घातले तर उत्तर शून्याहून निराळे येत नाही. उष्णतेच्या हिशेबाने कृष्णमेघात आयन, म्हणजे असे विद्युतभारित कण, असण्याचे काहीच कारण नाही. तरीही तेथे आयन आहेत, इतकेच नव्हे तर तेथील समग्र रसायनाचा कारभार त्यांच्याच हाती आहे; आणि हे मनुष्यास कळले कसे याची हकीकत मला त्या आयनांच्या अस्तित्वाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण न पाहिलेल्या वस्तूविषयी 'ती आहे' असे म्हणण्याचा अधिकार कोणत्या अटींवर प्राप्त होतो, या पुरातन प्रश्नाचा इतका स्वच्छ खल अलीकडच्या विज्ञानात क्वचितच झाला असेल.

आपल्याकडे पाठशाळेत तर्कसंग्रह शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अनुमानाचे जे पहिले उदाहरण सांगितले जाते ते पर्वतावरील धुराचे. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. परंतु हे म्हणण्याचा अधिकार केवळ धूर दिसल्याने येत नाही, तर धूर आणि अग्नी यांचे साहचर्य आधी कोठेतरी डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते, आणि ते पाहण्याचे हक्काचे ठिकाण म्हणून नैयायिक स्वयंपाकघराचा दाखला देतात. पर्वत कितीही दूर असो, अनुमानाचे मूळ घरच्या चुलीपाशी असते. वर्णपटविज्ञानाची सारी इमारत याच न्यायावर उभी आहे. प्रत्येक अणू आणि रेणू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतो वा उत्सर्जित करतो. हे साहचर्य प्रयोगशाळेत एकदा पक्के झाले की ती रेषा कोट्यवधी योजने दूर दिसली तरी तो पदार्थ तेथे आहे असे निःशंक म्हणता येते. आंतरतारकीय अवकाशातील पहिल्या विद्युतभारित रेणूची ओळख अशीच पटली. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनच्या वेधशाळेत 1937 च्या सुमारास ताऱ्यांच्या वर्णपटांत काही अनोळखी बारीक रेषा सापडल्या होत्या. नाझी राजवटीत पत्नी ज्यू असल्याकारणाने जर्मनी सोडून कॅनडातील सॅस्काटून येथे आश्रयास आलेले गेरहार्ड हर्झबर्ग यांनी डग्लस या सहकाऱ्यासह 1941 साली त्याच रेषा प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या, आणि त्या कार्बनचा एक अणू, हायड्रोजनचा एक अणू व एक धनभार यांनी बनलेल्या आयनाच्या आहेत असे सिद्ध झाले. येथे धूर आधी दिसला, चूल मागाहून पेटवली गेली आणि निर्णय मुकाट्याने चुलीची वाट पाहत राहिला. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की हा आयन ज्या विपुलतेने सापडतो ती विपुलता कशी उत्पन्न होते याचे पूर्ण समाधानकारक उत्तर अद्यापि मिळालेले नाही. ओळख पटणे आणि कुळकथा कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय तो सापडला तो विरळ, प्रकाश आरपार जाणाऱ्या मेघांत. खऱ्याखुऱ्या अंधाऱ्या मेघांच्या आत दृश्य प्रकाशाचा रिघावच नसल्यामुळे तेथील बातमी यावयाची तर ती रेडिओलहरींच्या मार्गानेच येणार होती.

ती 1970 साली आली. ॲरिझोनातील किट पीक या शिखरावर अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेची छत्तीस फुटी तबकडी नुकतीच मिलिमीटर-लहरींच्या मुलखात प्रवेश करून बसली होती, आणि त्या वर्षी आंतरतारकीय कार्बन मोनॉक्साइडचा शोधही तिनेच लावला. (आपल्या नारायणगावजवळच्या खोडद येथील पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या मुख्यत्वे मीटर-लांबीच्या लहरींसाठी बांधलेल्या आहेत, रेणूंच्या परिभ्रमणातून निघणाऱ्या मिलिमीटरभर लांबीच्या लहरी हवेतील बाष्पात गिळल्या जात असल्यामुळे त्यांच्या वेधासाठी उंच आणि कोरडे स्थान लागते.) डेव्हिड बुल आणि लुइस स्नायडर या दोघांना या तबकडीने 89.190 गिगाहर्ट्झ या वारंवारतेवर, म्हणजे सुमारे साडेतीन मिलिमीटर तरंगलांबीला, एक ठळक रेषा सापडली. मृगातील तेजोमेघाप्रमाणेच आणखी काही ठिकाणीही ती होती. ज्ञात पदार्थांच्या सूचीत त्या जागी कोणाचेच नाव नव्हते. अशा वेळी एखादे संभाव्य नाव चिकटवून मोकळे होण्याचा मोह मोठा असतो. या दोघांनी तो आवरला, अज्ञात कर्त्याला 'एक्सोजेन' असे तात्पुरते नाव दिले आणि रेषा आपल्याला दिसली, तिचा धनी कोण हे ठाऊक नाही, एवढीच कैफियत नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध केली. या संयमाचे मला फार मोल वाटते. जे दिसले तेवढेच लिहावे आणि जे कळले नाही त्याची जागा कोरी ठेवून तीही लिहावी, ही दप्तराची शिस्त ज्यांच्या अंगी बाणली आहे त्यांच्याच नोंदींवर पुढच्यांना विसंबता येते.

नाव सुचवण्याचे साहस केले ते ज्योतिषी नसलेल्या एका मनुष्याने. हार्व्हर्ड विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्लेम्पेरर यांनी त्याच वर्षी असे प्रतिपादन केले की ही रेषा हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन यांचा प्रत्येकी एकेक अणू एका सरळ रेषेत गुंफून बनलेल्या आणि एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनाची असली पाहिजे. रसायनज्ञ त्याला फॉर्मिल आयन म्हणतात. या आयनाचा रेडिओ-वर्णपट तोवर पृथ्वीवर कोणी पाहिलेला नव्हता. मग क्लेम्पेरर यांनी हे म्हटले कशाच्या आधारे? हायड्रोजन सायनाइड या सुपरिचित रेणूत जितके इलेक्ट्रॉन, म्हणजे चौदा, तितकेच या आयनातही असतात. तेव्हा दोघांची घडण, अणूंमधील अंतरे आणि म्हणून परिभ्रमणाची गतीही एकमेकांच्या निकट असली पाहिजे, आणि सायनाइडची रेषा तर या अनोळखी रेषेच्या शेजारीच, 88.6 गिगाहर्ट्झवर, होती. ज्याने गवय कधी पाहिला नाही त्याला गवय गाईसारखा असतो एवढे सांगून अरण्यात पाठवले तर तो त्या पशूला ओळखतो, असे आमचे शास्त्रकार उपमान-प्रमाणाविषयी सांगतात. क्लेम्पेरर यांनी केले ते नेमके हेच. परंतु एकाने ओळखले म्हणजे सर्वांनी मान्य केले असे होत नाही, आणि होऊही नये. 1973 साली गणकयंत्रावर केलेल्या पुंजयामिकी गणिताने त्यांच्या म्हणण्याला पुष्टी दिली. तरी गणित म्हणजे चूल नव्हे.

चूल पेटत नव्हती याचे कारण मोठे मनोवेधक आहे. प्रयोगशाळेतील उत्तमोत्तम निर्वात पात्रही कृष्णमेघाच्या मानाने गजबजलेले असते. तेथे आयन जन्मास येतो न येतो तोच तो दुसऱ्या रेणूवर, इलेक्ट्रॉनवर किंवा पात्राच्या भिंतीवर आदळून नाहीसा होतो, आणि म्हणून त्याची संख्या वेध घेण्याइतकी साचतच नाही. ज्या अवकाशाला आपण ओसाड समजतो तेच अशा नाजूक रेणूंचे अभयारण्य आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात क्लॉड वुड्स आणि त्यांच्या तरुण विद्यार्थ्यांनी 1975 साली, लांबलचक नळीत हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण भरून, ती थंड राखून आणि तिच्यातून विद्युतप्रवाह खेळवून, अखेर ही अडचण जिंकली. त्या फिक्या उजेडाच्या नळीतून मिलिमीटर-लहरी सोडल्या तेव्हा शोषणाची रेषा बरोबर त्याच जागी सापडली. लवकरच आकाशातही, साध्या कार्बनऐवजी त्याचा तेरा वजनाचा जड बंधू असलेल्या त्याच आयनाची रेषा, गणिताने सांगितलेल्या ठिकाणी मिळाली. पाच वर्षांच्या या अवधीत आकाशाची, गणिताची आणि प्रयोगशाळेची अशा तीन साक्षी परस्परांपासून स्वतंत्रपणे नोंदल्या गेल्या आणि त्यांची रुजुवात एकाच ठिकाणी झाली. क्लेम्पेरर 1970 सालीच बरोबर होते, हे खरे. परंतु 1970 साली ते बरोबर आहेत हे जाणण्याचा अधिकार कोणालाच नव्हता, स्वतः त्यांनाही नव्हता. सत्य बोलणे आणि सत्य जाणणे यांतील हे अंतर ज्या समाजाला कळते त्या समाजात विज्ञान टिकते, असे माझे मत आहे.

नायट्रोजनचे दोन अणू आणि हायड्रोजनचा एक अणू यांच्या आयनाची ओळख याच सुमारास पटली. बॅरी टर्नर यांना 1974 साली 93.17 गिगाहर्ट्झजवळ मिळालेल्या रेषेत तीन निकटच्या रेषांचा गुच्छ होता, आणि अशी फूट पाडणे नायट्रोजनच्या केंद्रकाचे काम असल्यामुळे रेषेनेच आपली अर्धी ओळख सांगून टाकली. प्रयोगशाळेतील वेध दोन वर्षांनी आला. नायट्रोजनचा रेणू स्वतः रेडिओलहरींत मुका आहे, कारण त्याची दोन्ही टोके विद्युतदृष्ट्या सारखी आहेत. तो मेघात आहे हे कळते ते या आयनाच्या साक्षीने.

आता या आयनांच्या जन्माचे मूळ. ज्या कृष्णमेघात प्रकाश शिरत नाही त्यात शिरणारे एकच काही आहे, आणि ते म्हणजे विश्वकिरण. व्हिक्टर हेस यांनी ऑगस्ट 1912 मध्ये फुग्यातून पाच हजार मीटरांहून अधिक उंचीवर जाऊन ज्या किरणांचा पत्ता लावला, आणि ज्यांच्या वर्षावाची मीमांसा करून होमी भाभांनी तरुणपणीच जागतिक कीर्ती मिळवली, ते हे वेगवान कण धुळीच्या आवरणाला जुमानत नाहीत. त्यांतला एखादा हायड्रोजनच्या रेणूला चाटून गेला की त्याचा एक इलेक्ट्रॉन उडतो. असा भारित झालेला रेणू शेजारच्या हायड्रोजन-रेणूला भेटताच तीन अणूंचा हायड्रोजन-आयन तयार होतो, आणि हा त्रिहायड्रोजन आयन म्हणजे मेघाच्या रसायनाचा खरा प्रवर्तक. तो आपला जादा प्रोटॉन भेटेल त्याला देऊन टाकतो: कार्बन मोनॉक्साइडला दिला की फॉर्मिल आयन होतो, नायट्रोजनला दिला की वर सांगितलेला आयन होतो, ऑक्सिजनच्या अणूला दिला की पाण्याकडे जाणारी वाट सुरू होते. भारित कण जवळ आला की उदासीन रेणूतील भार किंचित सरकतात आणि दोघे एकमेकांकडे ओढले जातात. अशा संयोगांना बहुधा ऊर्जेचा उंबरठा लागत नाही, म्हणून ते दहा अंशांच्या थंडीतही बिनदिक्कत घडतात. एरिक हर्ब्स्ट आणि क्लेम्पेरर यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे विल्यम वॉटसन यांनी, 1973 साली ही साखळी मांडली तेव्हा इतक्या थंडीत इतके रेणू आले कोठून या कोड्याचा उलगडा झाला. आज आंतरतारकीय आणि ताऱ्यांभोवतीच्या अवकाशात तीनशेहून अधिक प्रकारचे रेणू ज्ञात आहेत, आणि त्यांतील पुष्कळांच्या वंशावळीत कोठे ना कोठे हा त्रिहायड्रोजन आयन येतो. विश्वकिरणाच्या आघाताने रेणू भारित होण्याच्या घटनेची विरळता मात्र मनावर ठसली पाहिजे. कृष्णमेघात दर सेकंदास होणाऱ्या या भारणाचा दर इतका अल्प आहे की हायड्रोजनचा एखादा विशिष्ट रेणू घेतला तर त्याच्यावर असा आघात होण्यास सरासरीने तीनशे कोटी वर्षे लागावीत. पृथ्वीचे वय साडेचारशे कोटी वर्षे आहे हे लक्षात घेतले म्हणजे या प्रमाणाचा अर्थ कळतो. असंख्य रेणूंपैकी कोणावर तरी कोठे तरी तो आघात सदैव होत असतो, आणि तेवढ्या तुटपुंज्या आमदनीवर सारे रसायन चालते.

परंतु येथे एक विलक्षण पेच होता. हा सारा सिद्धांत ज्या त्रिहायड्रोजन आयनावर उभा होता तो आकाशात कोणी पाहिलेलाच नव्हता. पृथ्वीवर तो जुना परिचित: जे. जे. थॉमसन यांना केंब्रिज येथे 1911 च्या सुमारास विद्युतविसर्गाच्या नळीत तीन वजनाचा कण म्हणून तो प्रथम आढळला होता. परंतु त्याचे तीन अणू समभुज त्रिकोणात बसलेले असल्याकारणाने तो रेडिओलहरींत नायट्रोजनसारखाच मुका, आणि त्याची चाहूल लागावयाची तर केवळ अवरक्त प्रकाशात, तीही मागे उजळ तारा असेल तर त्याच्या प्रकाशातील बारीक उणिवेच्या रूपाने. ताकेशी ओका यांनी 1980 साली कॅनडात प्रयोगशाळेत त्याचा अवरक्त वर्णपट मिळवला आणि लगोलग आकाशात त्याचा शोध आरंभला. गुरूच्या ध्रुवांवरील तेजात तो 1989 मध्ये सापडला, पण मेघांत हाती लागेना. येथे स्थिती क्लेम्पेरर यांच्या प्रसंगाच्या अगदी उलटी झाली होती: चूल पेटलेली, अग्नी असलाच पाहिजे अशी सर्वांची खात्री, आणि पर्वतावर धूर मात्र दिसत नाही. मग तेवीस वर्षे रसायनज्ञांनी त्याच्यावर भरवसा ठेवला तो योग्य होता काय? मला तो योग्य वाटतो, कारण मीमांसकांनी अर्थापत्ती म्हणून जे प्रमाण मानले आहे ते येथे लागू होते. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी पुष्ट आहे, तर तो रात्री जेवत असला पाहिजे. फॉर्मिल आयन मेघोमेघी दिसतो आणि त्याला प्रोटॉन देणारा दुसरा समर्थ दाता सापडत नाही, तेव्हा तो दाता मानणे भागच होते. परंतु अर्थापत्तीने मिळालेल्या ज्ञानावर समाधान मानून शोध थांबवला गेला नाही, हे अधिक महत्त्वाचे.

थॉमस गेबाल आणि ओका यांनी हवाई बेटावरील मौना केआ शिखराच्या ब्रिटिश अवरक्त दुर्बिणीने 1996 साली, दाट मेघात दडलेल्या दोन तरुण ताऱ्यांच्या वर्णपटांत, 3.7 मायक्रॉनच्या आसपास शोषणाच्या दोन जवळजवळच्या बारीक रेषा अखेर टिपल्या. त्या पृथ्वीच्याच वातावरणातील एखाद्या वायूच्या नसतील कशावरून, ही शंका साहजिक होती, आणि तिची वासलात त्यांनी लावली ती पद्धत मला अत्यंत सुंदर वाटते: काही महिन्यांच्या अंतराने त्यांनी पुन्हा वेध घेतला. दरम्यान पृथ्वी सूर्याभोवती फिरत पुढे गेलेली असल्यामुळे त्या मेघाच्या संदर्भात तिचा वेग बदलला होता, आणि रेषा मेघातल्या असतील तर त्या हिशेबाने ठरणाऱ्या अंतराइतक्या सरकल्या पाहिजेत. त्या तितक्याच सरकल्या. पृथ्वीच्या प्रदक्षिणेलाच येथे साक्षीदार म्हणून बोलावण्यात आले होते.

या आयनांचे महत्त्व रसायनापुरते नाही. विश्वात साध्या हायड्रोजनच्या मानाने जड हायड्रोजनचे, म्हणजे ड्यूटेरियमचे, प्रमाण लाखांत दीडाच्या आसपास आहे. कृष्णमेघांच्या गारठ्यात मात्र त्रिहायड्रोजन आयन आपल्या तिघांपैकी एकाच्या जागी ड्यूटेरियम घेतो, आणि ही अदलाबदल उलटवण्यास लागणारी अल्पशी ऊर्जाही त्या थंडीत उपलब्ध नसल्यामुळे ती तशीच राहून जाते. परिणामी 1976 साली सापडलेला ड्यूटेरियमयुक्त फॉर्मिल आयन अशा मेघांत साध्या आयनाच्या शेकडा काही टक्क्यांपर्यंत चढलेला दिसतो. म्हणजे प्रमाण हजारो पटींनी वाढले. मेघाच्या अगदी गाभ्यात, जेथे पुढे तारा जन्मावयाचा असतो, तेथे कार्बन मोनॉक्साइडसुद्धा धुळीच्या कणांवर गोठून बसतो, त्याच्यापासून होणारे आयन नाहीसे होतात, आणि बोलण्यास उरतो तो ड्यूटेरियम धारण केलेला त्रिहायड्रोजन. त्रिकोणाची समता मोडल्यामुळे त्याला रेडिओलहरींत वाचा फुटलेली असते. वृषभ राशीतील एल-1544 या मेघगर्भात पाओला कासेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2003 साली तो अनपेक्षित विपुलतेने सापडला. आपल्या महासागरांच्या पाण्यात जड हायड्रोजन विश्वातील प्रमाणाच्या सुमारे दसपट आहे. या वाढीचा काही भाग सूर्य जन्मण्यापूर्वीच्या अशाच थंड मेघातून वारशाने आलेला असावा, असे मानण्यास आज बळकट आधार आहे.

साध्या आणि जड आयनांच्या या गुणोत्तरावरून मेघात मोकळे इलेक्ट्रॉन किती आहेत याचाही अदमास घेता येतो, कारण इलेक्ट्रॉन जितके अधिक तितके हे आयन लवकर मोडतात. तो आकडा येतो कोटी रेणूंमागे एक, किंवा त्याहूनही कमी. एवढासा हा अंश ताऱ्यांच्या जन्माचा मुहूर्त ठरवण्यात वाटेकरी असतो. लेऑन मेस्टेल आणि लायमन स्पिट्झर यांनी 1956 साली दाखवून दिल्याप्रमाणे मेघातील चुंबकीय क्षेत्राची पकड केवळ भारित कणांवर असते. उदासीन वायू स्वतःच्या वजनाने आत कोसळू पाहतो, पण आयनांवर आपटत आपटत, त्यांच्यातून पाझरत त्याला जावे लागते, आणि ही गती आयनांच्या संख्येवर अवलंबून असते. कोटीतला एकजण बाकीच्या सर्वांना थोपवून धरतो, हे मला या विषयातील सर्वांत आश्चर्यकारक सत्य वाटते.

ऋणभारित रेणूंची कथा याहून अलीकडची. हर्ब्स्ट यांनी 1981 सालीच असे भाकीत केले होते की कार्बनच्या लांब साखळ्या इलेक्ट्रॉन सहज पकडून ठेवतील आणि असे आयन मेघांत आढळतील. परंतु प्रयोगशाळेत त्यांच्या रेषा मोजलेल्या नव्हत्या, म्हणून शोध कोठे घ्यावा हेच कळत नव्हते. दरम्यान जपानमधील नोबेयामा येथील दुर्बिणीने एका कार्बनसमृद्ध ताऱ्याच्या आवरणाची केलेली जी पाहणी 1995 साली प्रसिद्ध झाली तिच्यात काही रेषा अनोळखी म्हणून नोंदलेल्या होत्या. मायकेल मॅकार्थी, पॅट्रिक थॅडियस आणि त्यांचे सहकारी यांनी 2006 साली सहा कार्बन आणि एक हायड्रोजन यांच्या ऋण आयनाचा वर्णपट प्रयोगशाळेत मोजला आणि त्या जुन्या रेषा त्याच्याच निघाल्या. वृषभातील टीएमसी-1 या कृष्णमेघातही तो त्याच वर्षी सापडला. अकरा वर्षे पुरावा छापील कागदावर पडून होता, आणि तो वाचता यावा म्हणून पृथ्वीवर चूल पेटण्याची गरज होती. नोबेयामाच्या वेधकर्त्यांनी त्या अनोळखी रेषा निरुपयोगी म्हणून गाळल्या असत्या तर ही रुजुवात झालीच नसती.

अनोळखी रेषांची अशी यादी आजही प्रत्येक मोठ्या पाहणीच्या शेवटी जोडलेली असते. तिच्यातील रेषांची ओळख पटवण्यासाठी पर्वतशिखरावरील दुर्बीणच हाताशी असली पाहिजे असे नाही. रेणूंच्या घडणीचे गणित जाणणारा, निर्वात नळी आणि विसर्गाचे तंत्र हाताळणारा, आणि जुन्या नोंदी चिकाटीने पडताळणारा मनुष्य लागतो, आणि अशी माणसे आपल्या महाविद्यालयांतील रसायन व पदार्थविज्ञान विभागांतून घडवता येणे अशक्य नाही. तेथील अध्यापकांना माझी विनंती एवढीच आहे की वर्णपटविज्ञान शिकवताना, परीक्षेत सुटणाऱ्या उदाहरणांबरोबर, धनी न सापडलेल्या रेषांची ही यादीही त्यांनी एकदा विद्यार्थ्यांपुढे ठेवावी.